बायनाबाईचा रिकामा खाना

॥ श्री ॥
झरी, ता. ४ मार्च १९९४

चि. छायास आजीचे लय लय आशीर्वाद. पत्रास कारण की, तुझं लग्नाचं बोलावणं, मशीनवर छापलेलं, पोचलं. एकबी ओळ वाकडी न्हाई. मी दुसरी शिकलेली, तरी सगळं वाचलं अन् वाचून चक्रावले बघ. वर लिवलंस, 'चि. कडूबाईस अनेक आशीर्वाद.' अगं, मी तुझ्या बापाची माय! नातीचा आशीर्वाद घेणारी गावात मी पहिलीच.

किशनराव मास्तरला तू 'सौ. वहिनी' केलंस. त्याच्या मिशा ध्यानात न्हाईत का? त्याची बायको चुलीपुढं बसली की हसायलीय अन् भाकर करपायलीय. मास्तर म्हणला, छायाला कळवा, जोडवी घालून येतो.

तुझा बाप सांगून गेला की पत्र एकच, नावं निराळ्या खान्यात, अन् मशीन ज्याचं त्याला लावतंय. मला वाटलं, आपल्या पेरणीच्या तिफणीवाणीच. एका चाड्यात बी सोडलं की तीन नळ्यांतून रानात तीन तासांत, तीन ओळींत पडतंय. मग तुरीच्या तासात जवारी कशी गेली?

आता खरी गोष्ट. चार दिसांखाली सांजच्याला दारात बायनाबाई, माझी जाऊ! विहिरीच्या पाण्यावरून बोलणं तुटलं तवा तुझा बाप लहान होता, तवापासून ती उंबऱ्याला आली न्हवती. हातात तुझं पत्र. पोस्टमननं वाचून दिलेलं, तरी म्हणली, तू वाच. त्यात, 'ती. आजीस नमस्कार.' तिला मूलबाळ न्हाई, आजी म्हणणारं कोण? खाली बघत इचारलं, पोरीनं मनानं लिवलं का चुकून? मनानं लिवलं असंल तरच मांडवात येणार म्हणती. रोज यायलीय, चहा न घेता जायलीय. बिगीनं कळव.

आशीर्वाद देणारी का घेणारी ते तूच ठरव,
कडूबाई

परभणी, ता. ९ मार्च १९९४

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

आजी, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कॉम्प्युटरच्या क्लासात याला मेलमर्ज म्हणतात. शिकता शिकता पहिला प्रयोग मी माझ्याच लग्नावर केला. तक्त्यात एका उभ्या रांगेत नावं, शेजारच्या रांगेत नाती. नावं अकारविल्हे लावताना मी फक्त नावांचीच रांग धरली. नावं हलली, नाती जागेवरच राहिली. तुझं 'ती. आजी' बायनाबाईंना गेलं.

खरं सांगू? त्यांच्या नावाशेजारचा खाना मी रिकामाच ठेवला होता. तुमचं बोलणं नाही, मग त्यांना काय म्हणावं ते कळेना. आठ दिवसांत सगळ्यांना दुरुस्त पत्रं टाकते. तोवर बायनाबाईंची माझ्या वतीनं माफी माग.

रागावलीस तरी माझीच राहा,
छाया

॥ श्री ॥
झरी, ता. १४ मार्च १९९४

चि. छायास आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. रांग काय, तक्ता काय, काही उमगलं न्हाई. नावं हलली अन् नाती तिथंच बसली म्हणतीस, असलं कसलं गं मशीन?

पोस्टमन आला तवा बायनाबाई ओसरीवरच. मी वाचायले अन् ती माझ्या तोंडाकडं बघायली. माफीची ओळ आली तशी मी ती सोडून दिली. मग मी वाचलं, 'बायनाआजीला सांग, मनानंच लिवलंय.' तशी ती म्हणली, चहा टाक, पण साखर बेतानं, तुला पयल्यापासून अंदाज न्हाई. मला असा आनंद झाला की खरंच साखर जास्ती पडली. प्याली सगळा. आता तुझ्या रुखवताच्या शेवया आमी दोघी मिळून करायलोत, अन् माझ्या शेवया जाड म्हणून दिवसभर बोलायलीय.

तवा मला खोटं पाडू नको. मास्तरला मास्तर कर. बायनाबाईला दुसरं पत्र धाडूच नको, अन् तिच्या खान्यात आजीच लिव. एका तक्त्यात मशीनला दोन आज्या चालत्यात का, ते तुझ्या क्लासातल्या मास्तरला इचार. चालत नसतील तर आजी तिला दे. मी चि. म्हणूनच येते, तुझा आशीर्वाद घ्यायला.

माया हाय तशीच ठिव, ओळ सरकू देऊ नको,
चि. कडूबाई