उघड्या लाकडावरचं कुंकू

मी, वाल्मिक सुकलाल बडगुजर, वय सहासष्ट, पूर्वी उधन्याच्या एका डाइंग मिलमध्ये रंगखात्यात सुपरवायझर, सध्या घरी बसून धाप टाकणे हाच उद्योग, राहणार लिंबायत, सुरत, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहितो. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात माझं डोकं ठिकाणावर असल्याचं म्हटलं आहे. माझ्या बायकोचं मत वेगळं आहे, ते जोडलेलं नाही.

कलम एक. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या आणि गॅलरी, तसंच बँकेत जे काही निघेल ते, सर्व पत्नी सौ. प्रमिला हिला. ती असेपर्यंत मुलगा चेतन आणि मुलगी धनश्री यांनी "आई, तू आमच्याकडे ये, हे विकून टाकू" असा विषय काढू नये. तिच्यानंतर दोघांनी सारखं वाटून घ्यावं आणि भांडू नये. भांडलात तरी मी काय करणार म्हणा!

कलम दोन. चेतनला मोटारसायकल. धनश्रीला अँप्लिफायर. त्याला हात लावला की शॉक बसतो, म्हणून पायात चप्पल असल्याशिवाय चालू करू नये.

कलम तीन. आमच्या इमारतीचे प्रमुख यांना काहीही नाही. गॅलरीतून थिनरचा वास येतो म्हणून त्यांनी सगळ्या बिऱ्हाडांसमोर माझी हजेरी घेतली. स्वतः रोज सकाळी गेटपाशी प्लास्टिक जाळतात, त्याचा वास बहुतेक अत्तराचा असावा. माझ्या दहाव्याला त्यांनी भाषण करू नये.

कलम चार. माझी इलेक्ट्रिक गिटार. इथे जरा सविस्तर लिहावं लागेल.

मिल सुटली की मी ऑर्केस्ट्रात वाजवायचो. गणपती, नवरात्र, लग्नाच्या आदल्या दिवशीची हळद, सगळीकडे. गिटार मूळची पांढरी होती. ऑर्केस्ट्राच्या मालकाला सगळी वाद्यं एका रंगाची हवी होती, म्हणून ती काळी झाली. मिलमध्येही जन्मभर पार्टी सांगेल तो रंग दिला. रिटायर झाल्यावर ठरवलं, आता आपल्या पसंतीचा एक रंग द्यायचा, पुन्हा पांढरा. तारा, मान, खुंट्या सगळं काढलं, बॉडीवरचा काळा थर उतरवला, काचपेपरने घासून लाकूड गालासारखं मऊ केलं आणि ती गॅलरीतल्या दोरीला टांगली.

मग दम्याने छाती धरली. डॉक्टर म्हणाले, थिनर, स्प्रे, धूळ, सगळं बंद. चेतन म्हणाला, "पप्पा, पर्वत पाटिया भागात गाड्या रंगवणारा आहे माझ्या ओळखीचा, पीयूचा चकचकीत थर मारून देईल, काचेसारखी होईल." मला काच नको होती. धनश्री म्हणाली, "नुसतं अळशीचं तेल चोळा, लाकूड दिसू द्या." पण एकदा तेल मुरलं की त्यावर पांढरा धड बसत नाही. हा की तो करता करता वर्ष गेलं आणि बॉडी तशीच उघडी लोंबकळत राहिली.

खंडेनवमीला प्रमिलाने घरातल्या हत्यारांची पूजा केली. विळी, कात्री, शिलाई मशीन, आणि माझ्या नकळत ही बॉडी. हळदीची बोटं, आणि मधोमध ओल्या कुंकवाचं स्वस्तिक. कोऱ्या लाकडावर! मी पाहिलं तोवर ते आत मुरलं होतं. असा ओरडलो की नंतर दम्याचा पंप घ्यावा लागला.

ती तिच्या अहिराणीत शांतपणे म्हणाली, "वरीसभर सोली टांगेल शे बिचारं. तुम्हनं हत्यार शे ना? त्याले बी दसरा नको का?"

"अगं, रंग द्यायचं लाकूड होतं ते!"

"मंग? मी बी रंगच दिधा ना!"

घासलं तर रंग आणखी खोल गेलेला दिसला. चेतनने खाली आवारात नेऊन कडेला पांढरा मारून पाहिला, मी खिडकीतून बोट दाखवून सांगत होतो. सुकला की खालून गुलाबी वर यायचा. रंगखात्यात जन्म गेला आणि चिमूटभर कुंकवापुढे हात टेकले.

दिवाळीत भाऊबीजेला माझी थोरली बहीण सरलाबाई आली. मला धापा टाकताना पाहिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन प्रमिलाला म्हणाली, "मनाची तयारी ठेव आता." भिंत पातळ आहे, मला ऐकू आलं. आमचा भाऊ गेला तेव्हा वहिनीचं कपाळ ओल्या फडक्याने पुसणारी हीच. वहिनी मान फिरवत होती आणि हिने हनुवटी धरून ठेवली होती.

त्या दिवसापासून त्या स्वस्तिकाला काचपेपर लावायला माझा हात होईना. आता ते राखायचं म्हणून लाकडाच्या एका तुकड्यावर तसंच कुंकू लावलं आणि चेतनकडून सगळं करवून पाहिलं. लाखेचं पॉलिश लावलं तर स्पिरिटने लाल पसरतो. लॅकर लावावं तर थिनर तो ओढून नेतो. तेलाने सगळं तपकिरी होतं. आधी जात नव्हतं, आता राहत नाही! काय करावं मला खरंच सुचत नाही.

कलम पाच. म्हणून गिटार प्रमिलाला. तिला वाजवता येत नाही, हे मला माहीत आहे. बॉडीवर कोणीही पीयू, लॅकर, पॉलिश, तेल लावू नये. सुरतेच्या दमट हवेत लाकूड फुगेल, फुगू द्या. दर खंडेनवमीला प्रमिलाने स्वतः तिच्यावर कुंकू लावावं. तिला आता लावता येत नाही, असं कोणी म्हटलं तर हे पान त्याच्यासमोर धरावं.

आणि माझ्यामागे प्रमिलाचं कुंकू पुसू नये. तिला नको असेल तर ती स्वतः पुसेल.

हे शेवटचं वाक्य वकील वर्षाताईंनी खोडायला सांगितलं. "काका, कपाळ म्हणजे मालमत्ता नाही, त्याचं मृत्युपत्र होत नाही."

मला कळतं. पण त्या दिवशी मी त्याच खोलीत असेन, जमिनीवर, सगळ्यांच्या मध्ये, आणि मला सरलाबाईचा हात धरता येणार नाही. म्हणून ते खोडत नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली. सही माझीच आहे.

(सही) वाल्मिक सुकलाल बडगुजर

साक्षीदार:
१. वर्षा निकम, वकील, उधना (सही)
२. हिलाल देवरे, शेजारी, लिंबायत (सही)

ठिकाण: सुरत
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५