अकरा खाचा

बाबा, पांगुळगाड्याच्या आडव्या दांडीखाली आता मी खाचा पाडते. एकेका गाड्याला अकरा. तुमच्याच पटाशीने, तुमच्याच पडवीत, तुम्ही बसायचात त्याच जागी. गाडा नवाकोरा असतो, त्याला धरून अजून एकही पोर उभं राहिलेलं नसतं, आणि मी अकरा पोरांच्या खुणा करून मोकळी होते. वरून फडक्याने चहाचं पाणी फिरवते, म्हणजे खाचा जुन्या दिसतात. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. राहिलं कसलं, मी टाळत होते.

तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षं मी लाकडाला हात लावला नाही. मग चक्रीवादळात वाडीतल्या माड-पोफळींबरोबर कुंपणाजवळची तुमची शिवणही आडवी झाली. लोक म्हणाले, जळणाला होईल. माझ्याने ते होईना. तिचे तुकडे करून घेतले, पडवीत सुकत ठेवले आणि एक दिवस तुमची हत्यारं काढून बसले. तुम्ही शिकवलं असं कधीच नाही, पण समोर बसून इतकं बघितलं होतं की हात आपोआप चालायला लागले. भोवरे, खुळखुळे, बैलगाडी, चाकांचं बदक. फोटो फोनवर टाकते, ऑर्डरी येतात, खोक्यात रंध्याचा भुसा भरून कुरिअरने पाठवते. घर त्यावर चालतं. खेळणी खोटी नाहीत, बाबा. प्रत्येक कड गालावर फिरवून बघितल्याशिवाय मी दाराबाहेर काढत नाही, तुमच्यासारखीच. खोटा आहे तो फक्त पांगुळगाडा.

तुम्ही सगळं विकायचात, पण पांगुळगाडा कधी विकला नाहीत. घरात एकच होता, मी रांगत होते तेव्हा माझ्यासाठी केलेला. मी चालायला लागले तशी तुम्ही त्याच्या दांडीखाली पहिली खाच पाडलीत आणि गाडा आळीत फिरायला लागला. ज्या घरी मूल धरून उभं राहील त्या घरी तो जायचा. मूल पावलं टाकायला लागलं की घरची माणसं नारळ घेऊन गाडा परत आणायची, पोर आपल्या पायांनी पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवायचं, आणि मगच तुम्ही गाडा उलटा करून पटाशी लावायचात. एकदा एक आजी पोराला कडेवर घेऊन आली नि म्हणाली, "पाड रं खाच, उद्या चालंल तो." तुम्ही हसून म्हणालात, "मग उद्या पाडू." आणि खरंच तिला परत पाठवलंत. मी तेव्हा तुम्हाला हसले होते.

मी एकोणीस वर्षांची होते. शेजारच्या चाचीचा नातू दीड वर्षाचा झाला तरी पाऊल टाकत नव्हता. त्याचा बाप तिकडे आखातात, तो दर फोनला एकच विचारायचा. तुम्ही चाचीला शब्द दिला होता, शुक्रवारी गाडा घेऊन जा. गाडा पुसून, चाकांना तेल देऊन कोपऱ्यात ठेवला होता. तुम्ही लाकूड बघायला वखारीत गेलात आणि मी टेबल मांडून पडवीत बसलेय. समुद्रावरून परतणारी एक बाई येते. भोवऱ्यांकडे बघतही नाही, तिची नजर कोपऱ्यात. हे काय म्हणून विचारते. मी गाडा उलटा करते, खाचा दाखवते, अकरा पोरांची अकरा घरं रंगवून सांगते. ती गालाला हात लावून ऐकते आणि म्हणते, "किती छान सांगतेस गं तू!" मला तोवर असं कुणी म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, आमच्या हॉलमध्ये यावर कुंडी शोभून दिसेल. आणि मी गाडा दिला. चाचीचा शुक्रवार मला आठवत नव्हता असं नाही. वाटलं, बाबा काय, दुसरा करतील दोन दिवसांत. आणि वाटलं, शेवटी या घरात धंदा मलाच कळतो.

तुम्ही संध्याकाळी आलात. मी कौतुकाची वाट बघत उभी. तुम्ही कोपऱ्याकडे बघितलंत, मग माझ्याकडे. ओरडला नाहीत. "अगो, त्याला धरून अकरा पोरं उभी ऱ्हायली. ती काय इकायची व्हती?" एवढंच. हात-पाय न धुताच लाकूड काढायला बसलात. दुसऱ्या दिवशी गाडा तयार होत आला तेव्हा मला वाटलं आपली चूक आपणच निस्तरावी, म्हणून म्हटलं, "बाबा, याला पण अकरा खाचा पाडा ना. चाचीला काय कळतंय?" तुम्ही पटाशी खाली ठेवलीत. "तिला न्हाय कळायचं. मला कळंल ना."

शुक्रवारी चाची आली. दांडीखाली बोट फिरवून बघितलं, गुळगुळीत लागली. तुम्ही म्हणालात, "जुना माझ्याच हातून गेला, चाची. माफ करा." माझं नावही घेतलं नाहीत. मी आत मासे साफ करत होते, सगळं ऐकू येत होतं, आणि मी बाहेर आले नाही. चाची म्हणाली, "नवा तर नवा. माझा नातू पयला. बिस्मिल्ला आमच्यापासून हुंदे." तीन महिन्यांनी तो पोरगा पडवीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला, तेव्हाही मी आतच होते.

आता ऐका. पहिला गाडा मी केला तो साधाच होता. फोटोखाली तुमची गोष्ट लिहिली, आळीची, नारळाची, खाचांची. लोकांना फार आवडली. मी छान सांगते, बाबा, त्या बाईने म्हटलं ते खरंच होतं. मग विचारायला लागले, तो खाचांवालाच हवा, जुन्यासारखा. एकाला पाडून दिल्या, मग दुसऱ्याला. "अकरा खाचांचा पांगुळगाडा" असं लिहून खाली तुमची गोष्ट ठेवते. त्यात खोटं वाक्य एकही नाही, तपासून लिहिलंय. फक्त पुण्याच्या एका ताईंनी विचारलं, ही अकरा मुलं कोण हो? आणि मी लिहिलं, "आमच्या आळीतली."

गेल्या आठवड्यात त्या ताईंचा फोटो आला. गाडा उलटा केलेला, माझ्या अकरा खाचांच्या शेजारी बारावी, स्वयंपाकघरातल्या सुरीने पाडलेली असावी, वेडीवाकडी आणि खोल. खाली लिहिलं होतं, "आमची लेक काल चालली. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवूनच खाच पाडली, तुमच्या बाबांसारखी. आमच्या बिल्डिंगमध्ये अजून एक बाळ आहे, त्यांना आता गाडा द्यायचाय. पहिल्या अकरा मुलांची थोडी माहिती द्याल का? त्यांना सांगायची आहे." बाबा, त्या दांडीवर खरी खाच तेवढी एकच. मला इतकी लाज वाटली की फोन पालथा घालून ठेवला.

आज सकाळी पुढच्या ऑर्डरीचा गाडा घेऊन बसले. हात थांबला. तुम्हाला वाटेल, पोरगी सुधारली. तसं नाही, चार पाडून झाल्यावर थांबला. त्या चार खाचांसकट गाडा समोर पडलाय, आणि तो मोडावा की उरलेल्या सात पाडाव्यात हे अजून ठरलेलं नाही. ताईंनाही उत्तर दिलेलं नाही. त्यांना लिहायलाच कागद घेतला होता, पण वर "बाबा" लिहिलं गेलं. कारण त्या उलट विचारतील, आणि तुम्ही आता विचारू शकत नाही.