पाहणीच्या दिवशी तलावातील जुना डबा न उचलण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य सुरक्षा अधिकारी,
आण्विक कचरा साठवण विभाग

विषय: आपल्या सन्मानार्थ ठरलेले डबा उचलण्याचे प्रात्यक्षिक रद्द होणेबाबत.
संदर्भ: आपल्या पाहणी दौऱ्याचे परिपत्रक.

महोदय,

१) मी तलाव विभागात नमुना तपासनीस आहे. वापरलेले अणुइंधन आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या डब्यांत, खोल पाण्याखाली ठेवलेले असते. डब्यांजवळ जाता येत नाही, म्हणून त्याच धातूच्या पट्ट्या त्याच पाण्यात टांगतात. पट्टीचे जे होते तेच डब्याचे होत असणार, असा हिशेब.

२) पाहणी जाहीर झाली की जिने, कठडे, नळ घासूनपुसून लख्ख करण्याची येथे पद्धत आहे. त्या उत्साहात पट्ट्याही घासल्या जातात. मी हरकत घेतली तेव्हा विभागप्रमुख म्हणाले, "अहो, साहेब येणार आणि तुम्ही त्यांना डाग दाखवणार? पाहुण्यांसमोर आपण बनियनवर बसतो का?" अहवालात 'गंज निरंक' अशी नोंद झाली. ती खोटी नाही. गंज घासणीला लागून गेला.

३) या खेपेस एक पट्टी खांबाआड राहिल्याने वाचली. तिच्यावर टाचणीने टोचल्यासारखे ठिपके आहेत. ॲल्युमिनियमचा गंज मोठा साळसूद: वर ठिपका, आत पोखरलेले. एका ठिपक्यात तार घातली, ती पलीकडून बाहेर आली. विभागप्रमुखांनी पट्टी बराच वेळ न्याहाळली व विचारले, "ही घासायची राहिली कशी?"

४) उद्या आपल्यासमोर सर्वांत जुना डबा कड्याला धरून उचलायचा आहे. तो मध्येच फाटला तर आतले इंधन तलावभर होईल. त्या क्षणी बरोबर वर, क्रेनवर, माझी पत्नी असेल.

५) तिला रजा घेण्याबद्दल विनवून पाहिले. ती म्हणाली, "मी नाही गेले तर दुसऱ्या पाळीतली जाईल. ती काय कुणाची कोणी नाही?" यावर मी हा अर्ज लिहायला बसलो. ती मात्र गणवेशाला इस्त्री करून मोकळी झाली.

६) आपण येऊ नये असे म्हणण्याची माझी प्राज्ञा नाही. अवश्य यावे, नळ पाहावेत, चहा घ्यावा. फक्त डबा जागचा हलवू नये, एवढा हुकूम आपल्या सहीने व्हावा. विभागप्रमुखांच्या हाती काही नाही. कार्यक्रमपत्रिका छापून झाली आहे, असे ते म्हणतात.

आपला भेदरलेला,
नमुना तपासनीस, तलाव विभाग
(क्रेनचालक यांचे पती)

दिनांक: दौऱ्याचा आदला दिवस. हातोहात.