मनगटावरचं मोंतेल

भोर,
१२ नोव्हेंबर १९७२

ती. गेनूदादास,

धाकट्या रतनचा जयभीम. इथं सगळे बरे आहेत. मार्गासनीला भात झोडून झाला का? वहिनीच्या गुडघ्याला तेल चालू आहे ना? तिनं मागं दिलेल्या घेवड्याचं बी मी अजून जपलंय, तिला सांग.

चार वर्षांनी पत्र लिहितेय. भात नि गुडघ्याच्या आड किती वेळ लपू? मला घड्याळाचं लिहायचंय.

बोटीवर असताना एडनहून आणून तू आमच्या लग्नात यांच्या मनगटावर बांधलंस, ते मोंतेल. आमच्या थोरल्या लेकीच्या लग्नात हे भर पंगतीत म्हणाले, "मोंतेल म्हणजे ओमेगा न परवडणाऱ्याचं घड्याळ." तू भरल्या ताटावरून उठलास. पुन्हा आला नाहीस.

इथं एसटी स्टँडाजवळ चिमाजीचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दर रविवारी यांची मंडळी तिथं जमते आणि कुठली कंपनी चढली, कुठली उतरली, यावर भांडते. मोंतेल शंभर वर्षांची स्विस कंपनी. पण आता वर ओमेगा, खाली एचएमटी आणि ही मधेच लटकलेली, असं यांचंच म्हणणं. जुन्या चावीच्या मोंतेलला तोड नाही, नवी नुसती चकचकीत, हेही यांचंच.

गेल्या रविवारी हे रिकाम्या मनगटानं घरी आले. अदलाबदलीत एचएमटी घ्यायचं बोलणं मंडळीत चाललेलं मला ठाऊक होतं. विचारायचा धीर झाला नाही. दादा, या घरात तुझं तेवढंच उरलं होतं.

संध्याकाळी चिमाजी आला. हातातल्या पुडीत मोंतेल. तेलपाण्याला ठेवलं होतं, एवढंच. मग तो हसत हसत सांगायला लागला. दुकानात पुण्याचा कुणी पाहुणा आला होता, हातात ओमेगा. म्हणाला, मोंतेलला आता बाजारात कुत्रं विचारत नाही. तसे हे ताडकन उठले.

"आमी नावं ठिवू, तुमी न्हाई ठिवायची. माझ्या मेव्हण्यानं बोटीवर खपून आणलंय ते."

चिमाजी म्हणाला, "वैनी, सोता रोज निंदा करत्यात, आन् दुसऱ्यानं केली की मारायला उठत्यात."

हे दारातच उभे होते. ऐकू न आल्यासारखं करून चपला शोधत होते. चपला पायातच होत्या.

तो गेल्यावर मी विचारलं, मग त्या दिवशी पंगतीत तसं का बोललात? घड्याळाला चावी दिली. मग म्हणाले, "आपल्याच माणसात बोलतोय, असं वाटलं होतं."

याला माफी म्हणायचं की नाही, तू ठरव. मी मात्र त्या रात्री चार वर्षांनी निवांत झोपले.

येत्या रविवारी वहिनीला घेऊन ये. एसटीची ड्युटी नसली तरी हे तुम्हाला घ्यायला स्टँडवर असतील. पत्रात दोन ओळी लिहा म्हटलं, तर लिहीनात. पण पाकिटावरचा पत्ता कुणाच्या अक्षरात आहे, ते तू उघडायच्या आधीच ओळखलं असशील.

तुझं नि यांचं ताट शेजारी मांडायला बसलेली,
रतन