सत्तावीसचा पाढा

आई,

परवा मी नातीच्या थोबाडीत मारली. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, एका पोरावर हात उचलला नाही, आणि आता पंच्याहत्तरी ओलांडल्यावर सख्ख्या नातीवर उचलला. गेले कित्येक महिने इथे शाळा बंद आहेत. रोगाची साथ आली आहे, सगळ्या जगात आहे, तुला सांगून खरं वाटायचं नाही. लेकीची दोन्ही पोरं माझ्याकडे असतात, नात अकराची, नातू आठाचा. शाळा मोबाईलवर भरते. पलीकडून बाई नाव पुकारतात आणि पोराने इकडून ‘प्रेझेंट’ म्हणायचं. परवा नातवाचं नाव आलं तेव्हा तो गच्चीवर पळाला होता. हिने त्याचा मोबाईल ओढला, नाक चिमटीत धरलं, त्याच्यासारखा आवाज काढून ‘प्रेझेंट मिस’ म्हणाली आणि वर माझ्याकडे बघून डोळा मारला. माझा हात कधी उठला ते मलाच कळलं नाही. ती रडत म्हणाली, “आजी, एवढं काय झालं? नुसती हजेरी तर होती!” याचं उत्तर तिला द्यायचंच नाही, तुला द्यायचं आहे, आणि तुला जाऊन आता तीस वर्षं होतील.

आपल्याही शाळा बंद होत्या तेव्हा. मुंबई आपल्या राज्यात द्यायची नाही असं वरून ठरलं आणि लालबाग-परळ सगळं पेटलं. मला अकरावं वर्ष चालू होतं, मला आठवतंय ते भोंग्यावरून. आपल्या चाळीत घड्याळ होतंच कुणाकडे? गिरण्यांच्या भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर डबे भरायचे, भोंग्यावर शाळेला पळायचं. एका सकाळी भोंगा वाजलाच नाही. तू उठून बसलीस, म्हणालीस, “गो बाय, आज वेळच झाली नाही.” बाबा पायांत चपला सरकवून खाली गेले आणि तेव्हापासून दिवसभर बाहेरच असत, मोर्च्याला, सभेला, कुठे कुठे. ट्राम बंद. दूध येई तेव्हा येई. गॅलरीत उभं राहायचं नाही अशी सक्त ताकीद, कारण समोरच्या चाळीच्या कठड्याला एक गोळी लागून गेली होती आणि तिथला लाकडाचा टवका उडाला होता. आम्ही तो टवका दाराच्या फटीतून बघायचो. दुपारी दुपारी लांबून घोषणा यायच्या, मग एकदम शांत व्हायचं. मला घोषणांची भीती नव्हती, त्या शांततेची होती.

तिसऱ्या दिवशी तू शाळा काढलीस. तू स्वतः गावच्या शाळेत चौथी शिकलेली, पण तोरा असा की हेडमास्तर झक मारेल! खोलीतल्या लाद्या तू वाटून दिल्यास. शेजारच्या काकूंची पाच वर्षांची पोर अगदी आत, मोरीपाशी. तिच्या पुढे आपला सात वर्षांचा धाकटा. मग मी. आणि चौदा वर्षांचा दादा सगळ्यांत शेवटी, दाराशी. लहान असेल त्याने दारापासून लांब बसायचं, हा तुझा हिशोब होता. पाट्या दोनच, त्याही फुटक्या, म्हणून उरलेल्यांनी लादीवर खडूने लिहायचं. वाण्याकडून पुडीला आलेला वर्तमानपत्राचा एकच तुकडा चौघांना पुरवायचीस तू. पोरीने त्यातला म शोधायचा, धाकट्याने जोडाक्षरं मोजायची, मी मोठ्याने वाचायचं, दादाने त्याचा मतलब सांगायचा. इंग्रजी तुला ओ की ठो येत नव्हतं. मग दादाने मला इंग्रजी शिकवायचं आणि तू माझ्या तोंडाकडे बघत बसायचीस. मला कळलं नाही की त्याला म्हणायचीस, “हिला कळला नाही म्हणजे तुलाच येत नाही. परत सांग.” मी पुढे बी. एड. केलं, शिकवण्याची पुस्तकं वाचली, पण याच्यापलीकडचं फारसं काही त्यांत नव्हतं.

आणि पाढे. रोज दुपारी तू भाकऱ्या थापायला बसायचीस, स्टोव्ह खिडकीखाली, म्हणून तोंड खिडकीकडे आणि पाठ आमच्याकडे. स्टोव्ह फरफर करतोय, हाताला पीठ, आणि मागे आमची परवचा चाललेली. पोरगी एक ते वीस आकडे म्हणायची. धाकटा बे ते दहा. मी अकरा ते वीस. दादा एकवीस ते तीस. खालून वर असं चढत जायचं. “आपला झाला म्हणून गप बसू नका,” तू म्हणायचीस, “वरच्याचा कान देऊन ऐका. फुकटचा मिळतोय तो.” तू वळून बघायची नाहीस. तुला बघायची गरज नव्हती, कोण कुठे अडखळतो ते तुला पाठ होतं. दादा सत्तावीसच्या पाढ्यात अडखळायचा. सत्तावीस सक म्हटलं की एकशे बहात्तर म्हणायचा, रोज, न चुकता. तू भाकरी उलटत ओरडायचीस, “एकशे बासष्ट रे मेल्या!” आणि आम्ही सगळे हसायचो.

आता मला कळतं की ती शाळा आमच्यासाठी नव्हतीच, म्हणजे आम्हा तिघांसाठी नव्हती. ती दादासाठी होती. बाबा बाहेर होते तेवढं तुला पुरे होतं. दादाचे मित्र खालून शीळ घालायचे, तो पाटीवर वाकून बसायचा, कान लाल. एकदा तो उठला तेव्हा तू हातातलं लाटणं खाली न ठेवता विचारलंस, “खंय चाललंस?” तो म्हणाला, “सगळी चाळ रस्त्यावर आहे आणि मी इथे पोरीबाळींत बसून पाढे म्हणू?” तू म्हणालीस, “म्हण. घसा दुखेपर्यंत म्हण. तुझा आवाज येतोय तोवर माझा जीव थाऱ्यावर आहे.” एवढं साधं, एवढं उघड बोलली होतीस तू. मी तिथेच बसले होते, आई. मी ऐकलं होतं.

ती दुपार मला अजून जशीच्या तशी दिसते. तू स्टोव्हपाशी आहेस. पोरीचे आकडे झालेत, धाकटा सातच्या पाढ्यावर आहे. खालून शीळ येते, एकदा, दोनदा. दादा लादीवरून सरकत माझ्या कानाशी येतो. “माझे तू म्हण. तुला येतात, मला माहीत आहे. नाक्यापर्यंत जाऊन नुसता बघून येतो. तुझे संपायच्या आत हजर.” मी म्हणते, “आई मारेल.” तो म्हणतो, “आई वळते कधी?” आणि हसतो. त्याचा आवाज तेव्हा नुकताच फुटत होता, घटकेत घोगरा, घटकेत माझ्यासारखा बारीक. त्याचं ते हसणं मला फार आवडायचं, त्याने मला कशात तरी सामील करून घेतलं याचाच केवढा आनंद झाला मला! दार त्याने इतकं हळू लोटलं की कडीसुद्धा वाजली नाही. धाकट्याने बघितलं. मी डोळे वटारले, तो पुढचा पाढा म्हणायला लागला.

माझे पाढे मी मुद्दाम रेंगाळत म्हटले. अकरा, बारा, तेरा. दाराकडे एक डोळा. “आज काय झोप लागली काय गो तुला?” तू म्हणालीस. विसाचा पाढा संपला आणि दादा आला नव्हता. एक क्षण खोलीत फक्त स्टोव्ह वाजत होता. तो क्षण माझा होता. मी “आई” एवढंच म्हणायला हवं होतं. नाक्यापर्यंत जायला कितीसा वेळ लागतो, तू पिठाच्या हाताने धावली असतीस, त्याचा कान धरून, अख्ख्या चाळीसमोर शिव्या देत त्याला वर आणलं असतंस. तो तेव्हा नाक्यावरच होता. हे त्याने मला नंतर सांगितलं, तो नाक्यावर पानवाल्याच्या बंद दुकानापाशी उभा होता, चांगला पाव तास. मी त्याच्यासारखा घोगरा आवाज काढला आणि म्हटलं, एकवीस एके एकवीस.

तू मध्ये एकदा टोकलंस, बाकी सगळं सुरळीत गेलं. तीसचा पाढा संपला तेव्हा तू खुशीत होतीस. तेवढ्यात कुणी तरी ओरडलं की खाली चौकातल्या नळाला पाणी आलंय. तू हात पुसत वळलीस, रिकाम्या लादीकडे बघितलंस. मी म्हटलं, “दादा आत्ताच उठला, संडासला गेला.” माझी जीभसुद्धा अडखळली नाही. तू गॅलरीच्या टोकाकडे एकदा बघितलंस, हंडा उचललास आणि म्हणालीस, “आला की बस म्हणावं थंय गप.” तू नळापाशी पोचली असशील तेव्हा तो आवाज झाला. पहिल्यांदा मला वाटलं कुणी फळ्या आपटल्या. मग पुन्हा, मग बरेच, एकापाठोपाठ. त्यानंतर ती शांतता. शेजारची पोर वीसच्या पुढे जायला लागली, एकवीस, बावीस, तिला कुणी सांगितलंही नव्हतं.

दादाला दुकानाच्या फळीवर घालून आणलं ते मी बघितलं नाही, तू बघितलंस. तो जगला. डावा पाय गुडघ्याखाली राहिला नाही. इस्पितळात तू त्याच्या उशाशी बसून एकच विचारत होतीस, “कधी गेलास रे? पाढे तर म्हटलेस ना तू सगळे?” तो शुद्धीवर पुरता नव्हता असं सगळ्यांना वाटत होतं. पण त्याने माझ्याकडे बघितलं, सरळ, आणि म्हणाला, “म्हटले. मग तू पाण्याला गेलीस ना, तेव्हा सटकलो.” तू कपाळावर हात मारून घेतलास. “पाचच मिनटं गो,” मला म्हणालीस, “पाचच मिनटं गेले मी खाली.” मी मान हलवली.

ती पाच मिनिटं तू मरेपर्यंत बोललीस. पाहुण्यांना, डॉक्टरांना, बाबांना तर रोज. बाबा वैतागून म्हणायचे, “अगं, पाणी नको होतं काय घरात?” तू त्यानंतर नळावर गेली नाहीस, आम्हाला पाठवलंस. आणि स्टोव्ह खिडकीखालून काढून आतल्या भिंतीपुढे मांडलास, भिंतीला पाठ आणि दाराकडे तोंड करून बसता यावं म्हणून. दारातल्या वाऱ्याने तो भडकायचा, काजळी धरायचा, सगळा धूर तुझ्या तोंडावर. मी म्हणायचे, आई, खिडकीपाशी ने तो. तू म्हणायचीस, “माझी पाठ नको दाराला.” पुढे तुझा तो खोकला, तो दमा. डॉक्टरांनी विचारलं, चुलीवर स्वयंपाक करता काय? मी बाजूला उभी होते, तुझी पिशवी धरून. तेव्हा बोलायला काय हरकत होती? चांगली शाळेतली बाई झाले होते, दुसऱ्यांच्या पोरांना खरं बोला म्हणून शिकवत होते. लाज वाटते मला, आई. चाळीस वर्षं हजेरी घेताना मी प्रत्येक नावाला मान वर करून तोंड बघितलं, मुलं म्हणायची बाई फार कडक. कसली कडक!

दादाला मी एकदा म्हटलं होतं, सांगून टाकू या. तो तेव्हा हिंदमाताला एका कापडाच्या दुकानात गल्ल्याजवळ बसायचा, लाकडी पाय टेबलाखाली सरळ ठेवून. म्हणाला, “सांगून पाय फुटणार आहे? माझ्यावरचा राग गिळताना तिची काय दशा झाली ती बघतेस ना? आता तुझ्यावरचा कशाला देतेस?” त्याने मला कधी बोल लावला नाही. तो गेला त्यालाही आता चार वर्षं झाली. धाकट्याला त्या दुपारचं काही आठवत नाही, निदान तो तसं म्हणतो. म्हणजे उरले मी.

एकदा मात्र तू विचारलं होतंस. माझी लेक लहान होती, मी तिला मांडीवर घेऊन पाढे म्हणत होते, बोलता बोलता सत्तावीसपर्यंत गेले. तू खाटेवर पडून होतीस, दाराकडे तोंड करून. म्हणालीस, “तुला कधी गो आले तिशीपर्यंतचे? तू तर विसापर्यंतच म्हणायचीस.” मी म्हटलं, “पुढे शाळेत केले पाठ.” तू बराच वेळ माझ्याकडे बघत राहिलीस, मग खोकल्याची उबळ आली आणि मी पाणी आणायला उठले. तुला कळलं होतं काय? कळलं असेल तर मला का नाही मारलंस? मी वाट बघत होते.

हे कागद नातवाच्या वहीतून फाडलेत, चौकटीचे आहेत. कुठे पाठवणार? नातीला उद्या जवळ घेईन, तिची माफी मागेन, पण कशासाठी मारलं ते तिला नाही सांगणार.

तुला सांगते. त्या दुपारी सत्तावीस सक एकशे बहात्तर मी म्हटलं. तू न वळता “बासष्ट रे मेल्या” म्हणालीस, हसलीस, आणि तुझा जीव थाऱ्यावर आला. मला एकशे बासष्ट येत होतं, आई.