चेंडू मागे गेला होता

१२ मार्च, रविवार

आउट दिला. हात वर केला, ओरडले, आणि त्याच क्षणी शंका आली.

नीट लिहून ठेवते. महिला सॉफ्टबॉल लीगची उपांत्य फेरी. मी बेसवरची पंच. शेवटचा डाव, एक आउट, निळा संघ एका धावेने मागे. दुसऱ्या बेसवर निळ्यांची एक मुलगी – नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, सगळे तिला सिस्टरच म्हणतात. बॅटवालीने जमिनीलगत सणसणीत फटका मारला. पिवळ्यांची शॉर्टस्टॉप, दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली फील्डर, आडवी झेपावली. चेंडू तिच्या ग्लोव्हखालून सटकला आणि मागे मोकळ्या मैदानात गेला. ती वाटेतच पालथी पडून राहिली. तिसऱ्या बेसकडे निघालेली सिस्टर तिच्या अंगावरून अडखळली आणि खांद्यावर आपटली.

मी इंटरफिअरन्स दिला – धावणारीने फील्डरला अडवलं म्हणून. धावणारी आउट, खेळ बंद. नंतरची बॅटवाली तीन चेंडूंत गेली. सामना संपला.

सिस्टरचं खांद्याजवळचं हाड मोडलंय म्हणे.

पाय भरून आलेत. उद्या पुन्हा आठ तास उभं राहायचंय.

१३ मार्च, सोमवार

कारखान्यात दिवसभर शर्टांच्या कॉलरी तपासल्या. एक उसवलेली शिवण नजरेतून निसटली. "ताई, लक्ष कुठंय?" – सुपरवायझर. कुठंय ते मला ठाऊक आहे.

निळ्यांच्या कोचने लेखी हरकत घेतली. पंच समितीला माझा अहवाल हवाय.

१४ मार्च, मंगळवार

नियमांचं पुस्तक काढलं. पानं चिकटली होती. किती दिवसांत उघडलं नव्हतं, देव जाणे.

बॅटचा चेंडू अडवायला निघालेल्या फील्डरला पहिला हक्क. धावणारीने तिला चुकवून जायचं. आड आली तर इंटरफिअरन्स – मुद्दाम असो वा नसो, आउट. उलट, फील्डरच्या हातात चेंडू नाही आणि ती चेंडू अडवतही नाही, तर वाट धावणारीची. तेव्हा फील्डर आड आली तर ते ऑब्स्ट्रक्शन. धावणारी जिथवर पोचली असती तिथवर तिला पोचवायचं.

एवढं तोंडपाठ होतं. त्याखालची ओळ नव्हती. झेपावलेल्या फील्डरला चुकवून चेंडू पुढे गेला, की तिचा हक्क संपला. नंतर ती वाटेत पडून राहिली तर अडथळा तिचाच.

म्हणजे सिस्टर होमपर्यंत येऊन धाव पुरी केली असती. बरोबरी झाली असती.

नवऱ्याला समजावून सांगितलं. तो भांडी विसळत होता. म्हणाला, "हात्तिच्या! तू स्वयंपाक करत असलीस तर ओटा तुझा, मी बाजूने जायचं. स्वयंपाक उरकून तिथेच फोनवर गप्पा मारत उभी राहिलीस, तर वाट माझी."

हसले. मग हसू आवरलं. चौदा वर्षं पंचगिरी करतेय, आणि त्याला अर्ध्या मिनिटात कळलं.

१६ मार्च, गुरुवार

मास्तर आले होते. पंचगिरीची बाराखडी मी त्यांच्याकडेच गिरवली. आता ते पंच समितीवर आहेत. पंचांच्या वरच्या पॅनेलसाठी माझं नावही त्यांनीच पुढे केलंय. सहा वर्षं वाट पाहिली त्याची.

बूटही न काढता विचारलं, "अहवालात काय लिहिणारेस?"

"पाहिलं ते. आधी चेंडू मागे गेला. मग या धडकल्या."

ते खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "पंचाच्या नजरेवर हरकत चालत नाही. नियम चुकीचा लावला तरच चालते. तू लिही – धडक झाली तेव्हा चेंडू ग्लोव्हपाशीच होता, असं मला दिसलं. झाली नजरेची गोष्ट. मिटलं."

"पण तसं नव्हतं, मास्तर."

"होमच्या प्लेटमागे उभ्या पंचाला काही दिसलं नाही. चित्रण कुणाकडे नाही. तू म्हणशील तेच खरं." थोड्या वेळाने, हळू आवाजात – "एका ओळीपायी सहा वर्षं पाण्यात घालू नकोस."

त्यांच्यासमोर मला कधी 'नाही' म्हणता आलेलं नाही. आजही आलं नाही.

१७ मार्च, शुक्रवार

अहवाल लिहिला. त्यांच्याच शब्दांत. पाकिटात घातला. चिकटवला नाही.

१८ मार्च, शनिवार

सिस्टरला भेटून आले. हॉस्टेलची खोली, दोन खाटा, दुसरी रिकामी. हात गळ्यात बांधलेला. वेणी अर्धवट – एका हाताने किती घालणार! मीच घालून दिली. मी पाठीमागे होते म्हणून बोलली असेल.

"मॅडम, माझंच चुकलं ना? मी बघून धावायला हवं होतं."

केसांचे पेड घालत राहिले.

"संघातल्या मुली येत नाहीत. फोनही नाही. हिच्यामुळे हरलो, असं वाटतं त्यांना. बरोबरच आहे. आठ आठवडे वॉर्डात जाता येणार नाही, परीक्षा पुढे गेली. त्याचं एवढं नाही हो. पण चूक नेमकी कुठे झाली ते सांगा, म्हणजे पुन्हा करणार नाही."

वेणीला रबर लावलं आणि म्हटलं, "येते मी."

पळून आले. दुसरा शब्द नाही त्याला.

१९ मार्च, रविवार

अहवाल फाडला. नवा लिहिला, चार ओळींचा. चेंडू शॉर्टस्टॉपच्या मागे गेलेला मी पाहिला होता. धडक त्यानंतर झाली. ते ऑब्स्ट्रक्शन होतं. मी नियम चुकीचा लावला.

नवऱ्याने वाचला. "पॅनेल गेलं," म्हणाला.

"गेलं."

"बरं. चल, जेवून घे."

२५ मार्च, शनिवार

समितीची बैठक. तिघे होते, मधोमध मास्तर. निळ्यांचा कोच एकदाही माझ्याकडे न बघता बोलला. मला एकच प्रश्न – "हा अहवाल तुमचाच?" "हो." वीस मिनिटांत निकाल. हरकत मान्य. सिस्टरची धाव धरून, त्याच ठिकाणापासून सामना पुढे खेळवायचा. माझं नाव पॅनेलच्या यादीतून काढलं. वर्षभर फक्त शाळांचे सामने.

मास्तर कागदाकडेच बघत होते. बाहेर पडताना मी नमस्कार केला. त्यांनी केला नाही.

बसमध्ये डोळा लागला. दोन थांबे पुढे गेले.

२६ मार्च, रविवार

सिस्टरला फोन केला. "तुझं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं." तिने ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग म्हणाली, "हे मुलींसमोर सांगाल?"

सांगेन म्हटलं.

२ एप्रिल, रविवार

सामना पुढे सुरू झाला. मी प्रेक्षकांत. सुरू होण्याआधी निळ्यांच्या बाकापाशी जाऊन सांगितलं, सगळ्यांसमोर. त्यांच्या कॅचरने सरकून बाकावर जागा केली – मला नव्हे, सिस्टरला.

जादा डाव खेळावे लागले; नवव्या डावात निळे हरले, चार-तीन. खरं तर पिवळ्याच सरस खेळल्या. सिस्टर शेवटपर्यंत त्या बाकावर मध्ये बसून ओरडत होती. घरी येऊन दुपारभर झोपले.

४ एप्रिल, मंगळवार

संध्याकाळी मास्तर. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "तो नियम तुला मीच तसा शिकवला. पडलेल्या फील्डरला धावणारीने चुकवायचं – एकोणीस वर्षं मी तसाच देत आलो. एकदा अंतिम सामन्यात दिला. आउट दिलेली ती मुलगी पुन्हा मैदानावर आली नाही."

विचारलं, "नाव आठवतं तिचं?"

आठवत होतं. पत्ताही शोधून आणला होता. म्हणाले, "सोबत येशील?"