लाल चिंधीचा पंप

४ ऑक्टोबर
परसातल्या गवारीवर मावा. कालपासून भिजवलेली निंबोळी गाळली, पंपात भरली, फवारली. घरच्या पंपाच्या पट्ट्याला मी लाल चिंधी बांधून ठेवते, शेतातल्या औषधाच्या पंपाशी घोळ नको. आज पंपाला कसलासा उग्र वास. मला सर्दी झाली असेल. वांगी बरी. दोडका रुसलाय.

६ ऑक्टोबर
शीतलचा धुळ्याहून फोन. माझ्या लेकीला सहावा महिना लागला. वाळवलेल्या गवारीची भाजी खावीशी वाटते, दाण्याचं कूट घालून. तिकडे तिसऱ्या मजल्यावर कुंडीत एक तुळस, बस्स.
लगेच घमेलंभर गवार तोडली. मिठाच्या पाण्यात एक उकळी, मग खाटेवर जुनं लुगडं टाकून पसरली. ऊन कडक आहे. वाळूनही इतकी हिरवी राहणारी गवार पारोळ्यात दुसऱ्या कोणी करून दाखवावी. (स्वतःचीच टिमकी. पण वहीही माझीच.)

९ ऑक्टो.
शेजारच्या अक्का धुळ्याला निघाल्या होत्या. त्यांच्याबरोबर गवारीचा डबा दिला. थोडी आपल्यालाही ठेवली.

१२ ऑक्टो.
जेवताना हे सहज बोलून गेले. शेतातल्या पंपाचा वायसर गेला होता, म्हणून कपाशीवर औषध मारायला घरचाच नेला. कधी, विचारलं. तीन तारखेला. "एक डाव लई गयथू. धुई ठेयेल व्हता ना." एकदाच नेला, धुऊन ठेवला म्हणे.
मी ताट बाजूला सारलं. म्हटलं, चारला मी त्यातूनच फवारलं, आणि ती गवार शीतलकडे गेली.  हे म्हणाले, "उन्हमा बठ्ठं उडी जास. आते तिले सांगशी तं ती घाबरी जाई." उन्हात सगळं उडून जातं म्हणे!
आपल्याकडची गवार खड्ड्यात पुरली. परसातली झाडंही उपटली.

१३ ऑक्टो.
कृषी केंद्रात गेले. दुकानदाराने बाटलीवरचं वाचून दाखवलं. हे भाजीवर मारायचंच नाही म्हणाला, पंप एकदा धुऊनही भागत नाही. उकळून, वाळवून किती जातं ते त्याला सांगता येईना. कोणी खाल्ली का, विचारलं. मी नाही म्हटलं. औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहून आणलंय.
घरी येऊन ही वही उघडली. चार तारखेचं पान. सर्दी म्हणे! त्या दिवशी मला सर्दी नव्हती. अर्धं आयुष्य कपाशीत गेलं माझं, वास मी ओळखला होता. भरलेली निंबोळी ओतून द्यायची, परत गाळत बसायचं, त्याचा कंटाळा आला. एवढंच. ती ओळ खोडायला पेन टेकवलं. नाही खोडली.

१४ ऑक्टो.
सांगायचंच असं ठरवून फोन लावला. मागे विहीणबाईंचा आवाज. लग्नात आमच्या पापडांना नावं ठेवलेली बाई. तिला ऐकू जाईल असं कसं सांगू, की गरोदर लेकीला मी काय पाठवलं? तोंडून निघालं, इकडच्या गवारीला बुरशी लागली, तुझीही फेकून दे.
एकदा खाल्ली म्हणाली. झकास झाली होती. पोटात दुखतंय का? नाही. बाळ हलतं ना? हसली, म्हणाली, आई, बुरशीनं एवढं काय होतंय.
ह्यांना वाटतं मिटलं. मला जेवण जात नाही.

१६ ऑक्टो.
शीतलचा फोन. विहीणबाईंनी गवार फेकू दिली नाही. आईच्या हातचं असं टाकतात का म्हणे. गच्चीवर दोन उन्हं दाखवली, आता खडखडीत आहे.
या बाईला मी दोन वर्षं खडूस म्हणत आले.
म्हटलं, उद्या मी येते, तोवर खाऊ नकोस. का, विचारलं. आल्यावर सांगते म्हटलं. फोनवर जीभ रेटत नाही.

१७ ऑक्टो., धुळे
सकाळच्या एसटीने आले. दारातच कुटाचा वास. मी येईपर्यंत खाऊ नकोस म्हटलेलं, त्याचा अर्थ विहीणबाईंनी सगळ्यांनी मिळून गवार खायची असा घेतला, आणि ताटं वाढायला घेतलेली. "तुम्हनाच हातनी शे, ल्या."
शीतलने घास मोडला. मी तिचा हात धरला, इतका घट्ट की एक बांगडी वाढली. मग सांगितलं. चिंधी, पंप, बुरशीचं खोटं. विहीणबाईंनी ताटं उचलली, माझ्याकडून चिठ्ठी घेतली आणि आत जाऊन डॉक्टरीणबाईंना फोन लावला. संध्याकाळी पाचला बोलावलंय.
शीतल भिंतीला टेकून बसली, हात पोटावर. "आई, तुले कधी समजनं?"
बारा तारखेला, मी म्हणाले. तिने मान हलवली. तिथेच थांबता आलं असतं. पण म्हटलं, नाही, चारलाच. वास आला होता.
ती उठून आत गेली.
आता तीन वाजलेत. स्वयंपाकघरात बसून लिहितेय. मघाशी शीतल बाहेर आली, विहीणबाईंना म्हणाली, दवाखान्यात तुम्ही चला बरोबर.